उपाशीपोटी म्हणजे नेमकं किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला थायरॉईडवरचा लेख वाचला. खोट काढावी असं त्यात काही नाही. पण गोळीबद्दल त्यात एकच ओळ आहे: सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्या आणि पुढे तासभर काही खाऊ-पिऊ नका. ही ओळ मी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवली, तर पोळ्या लाटणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या सगळ्या जणी हसायला लागल्या. एकीने विचारलं, "काकू, हे लिहिणाऱ्याला सकाळचा चहा कोण करून देतं?" तिच्या या प्रश्नासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

मी इंदूरला भंवरकुव्याच्या बाजूला मेस चालवते. कोचिंगला आलेली पोरं, काही एकटे नोकरदार, शिवाय बाहेर जाणारे डबे. मला स्वतःला थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. हाताखालच्या बायकांपैकी दोघींना आहे, आणि जेवायला येणाऱ्या मुलींमध्येही दर वर्षी एखादी नवी निघतेच. देशातल्या आठ मोठ्या शहरांत प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली होती, तिच्यात साधारण ११ टक्के लोकांचा थायरॉईड कमी काम करताना आढळला होता आणि त्यांत बायका जास्त होत्या. त्या शहरांत मुंबई, अहमदाबाद होतं, इंदूर नव्हतं. पण आमच्या गल्लीत दुपारी कोणाच्याही ओट्यावर जाऊन बसा, गोळीचा विषय दहा मिनिटांत निघतो. ‘तुझी किती नंबरची? माझी पन्नासची.’ बायका चष्म्याचा नंबर सांगावा तसा मायक्रोग्रॅमचा आकडा सांगतात.

आता आमची सकाळ कशी असते ते सांगते. मी साडेचारला उठते. नर्मदेचा नळ आमच्याकडे एक दिवसाआड, त्या दिवशी त्याहून आधी. पाच वाजता पोह्यांचा कांदा आणि दिवसाच्या भाज्या चिरायला घेतलेल्या असतात, साडेसहाला डाळ फोडणीला पडते, सातला पहिली पोरं दारात आणि आठला डब्यांच्या पिशव्या सायकलला लटकलेल्या. या सगळ्यात तोंड बंद ठेवायचं कसं? डाळीचं मीठ चाखावं लागतं. पोह्यांना वाफ नीट बसली का, हे दोन दाणे चावूनच कळतं. भाजी तिखटजाळ झाली तर शंभर पोरं तोंडावर बोलतील, डॉक्टर थोडेच येणार आहेत ऐकून घ्यायला! आणि पहाटे उठून उभं राहायचं तर चहा लागतोच, तोही दुधाचा, चांगला उकळलेला. चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे, असं आम्हा बायकांचं ठाम मत असतं. गोळीला हे मत मान्य नसतं.

ते का, हे मला माझ्याकडे जेवणाऱ्या एका मुलीने समजावलं. ती एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकते, सातारकडची आहे. एरवी तिला डबा जातो, रविवारी स्वतः येऊन पाटावर बसून जेवते. तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते. ती मंदावली की मेंदूखालची दुसरी ग्रंथी तिला जोरात हुकूम सोडते, तो हुकूम म्हणजे रक्ताच्या रिपोर्टातलं टीएसएच. स्वयंपाकघरात एखादी ऐकेनाशी झाली की आपला आवाज चढतो ना, तसा हा आकडा चढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड कमी. हे उलटं गणित ध्यानात न आल्यामुळे कितीतरी बायका रिपोर्टवर मोठा आकडा पाहून ‘माझा थायरॉईड वाढला’ म्हणत फिरतात. गोळीत असतं तेच थायरॉक्सिन, प्रयोगशाळेत बनवलेलं. पोट रिकामं असेल तर त्यातलं ७० ते ८० टक्के आतड्यातून रक्तात जातं. सोबत अन्न, दूध, कॉफी असली की हा वाटा घसरतो. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते. म्हणजे गोळी गिळली, पैसे गेले, आणि अर्ध्याहून जास्त औषध तसंच बाहेर पडलं, असंही होऊ शकतं.

माझं नशीब असं की मला गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही किती वाजता उठता आणि उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?" मी सगळं वेळापत्रक सांगितलं. मग विचारलं, "आणि रात्रीचं शेवटचं जेवण?" रात्रीची पंगत आठला सुरू होते, त्यात मला बसायला मिळत नाही, म्हणून मी सातच्या आत दोन घास खाऊन घेते. शेवटचं ताट उठून ओटा पुसेपर्यंत साडेदहा होतात. त्या म्हणाल्या, "मग तुमचं पोट रात्री रिकामं असतं, सकाळी नाही. गोळी रात्री झोपताना घ्या. जेवणानंतर तीन तास गेलेले असले पाहिजेत, एवढंच." प्रश्न संपला. तेव्हापासून बाटली उशाशी, पाण्याचा तांब्या शेजारी.

हे काही त्यांच्या मनचं नव्हतं. त्या सातारच्या मुलीने सांगितलं की नेदरलँड्समध्ये यावर रीतसर चाचणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्याच माणसांना तीन महिने सकाळी आणि तीन महिने झोपताना गोळी दिली, रोज दोन्ही वेळा गोळी असायची, पण त्यातली कोणती खरी आणि कोणती औषध नसलेली हे त्यांना न कळू देता. रात्रीच्या गोळीने रक्तातले आकडे सुधारले. माणसांना वाटणाऱ्या थकव्यात वगैरे मात्र फरक दिसला नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे रात्रीच्या गोळीत जादू नाही. सकाळ जमत नसेल तर रात्र चालते, इतकाच त्याचा अर्थ. पण हा ‘चालते’ शब्द आपल्या लेखात कुठेच नव्हता, आणि तो नसल्यामुळे काय होतं ते आमच्या पोळ्यावाल्या ताईंचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

ताई बऱ्हाणपूरकडच्या. घरी नवरा, दोन मुलं, सासू. आधी घरचा स्वयंपाक उरकून सहाला माझ्याकडे येतात. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, वैशाखात अंगावर शाल, मासिक पाळीचा त्रास, केसांचे पुंजके हातात. तपासलं तर टीएसएच १८, म्हणजे फारच चढलेलं. पन्नासची गोळी सुरू झाली. पाळीत रक्त फार जात असल्याने हिमोग्लोबिनही कमी, म्हणून दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. ताईंनी शहाणपणाने तिन्ही गोळ्यांना एकच वेळ लावून घेतली, म्हणजे विसरायला नको: पहाटे, चहा आणि दोन टोस्ट. औषध त्या एक दिवस चुकवत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. पण टीएसएच हलेना. पंचाहत्तर झाली, शंभर झाली, सव्वाशे झाली. दर वेळी रिपोर्ट पाहायचा, आकडा वाढवायचा, पुढचा नंबर. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, कारण बाहेर रांग पाहिली की आत बसलेल्या माणसाचीही दया येते. पण एवढ्या खेपांत ‘गोळी कशाबरोबर घेता?’ हे एकदाही विचारलं गेलं नाही. उलट घरी सासू म्हणायची, गोळी घेतच नसेल, फेकून देत असेल.

एका रविवारी ताई पोळ्या लाटता लाटता खाली बसल्या. ती मेडिकलची मुलगी जेवत होती, तिने हात धुऊन त्यांची नाडी पाहिली, पिशवीतल्या गोळ्या ओट्यावर मांडायला लावल्या आणि सरळ विचारलं, "मावशी, यातली कुठली कधी घेता?" ताईंनी सांगितलं. माझ्या डब्यांच्या हिशेबाच्या वहीमागे तिने गणित मांडलं. ज्याची ग्रंथी जवळजवळ बंदच आहे अशा माणसालाही साधारण दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम पुरतं. ताईंचं वजन ५५ किलो. ५५ गुणिले १.६, बरोबर ८८. "यांना सव्वाशे घेऊनही पुरत नाही, म्हणजे औषध कमी नाहीये काकू, औषध पोचतच नाहीये." तिने स्वतः काही बदललं नाही. चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं आणि म्हणाली, डॉक्टरांना दाखवा.

दाखवलं. लोह आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर गेलं. थायरॉईडची गोळी पहाटे पाणी भरायला उठतात तेव्हा, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा पाण्याची पिंपं भरून झाल्यावर. तास-पाऊण तास आपोआप जातो. नळ नसलेल्या दिवशीही उठायची वेळ तीच. पुढचा भाग मात्र कोणी नीट सांगितला नव्हता. तीच सव्वाशेची गोळी आता सगळी अंगी लागायला लागली आणि महिन्याभरात ताईंना धडधड, हात थरथरणं, झोप नाही, घाम. लाटण्याखालची पोळी गोल यायची ती चौकोनी यायला लागली. रक्त तपासलं तर टीएसएच तळाला. हा त्रास नुसता धडधडीवर थांबत नाही, जास्त मात्रा वर्षानुवर्षं चालली तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. मात्रा उतरवून ८८वर आणली, वहीतल्या त्या गणिताइतकीच. आता सगळं जागेवर आहे. शाल वैशाखात पेटीत असते.

म्हणून संपादक महोदय, वेळ बदला असं छापताना त्याच्याच खाली हेही छापायला हवं की वेळ बदलली, सोबतची औषधं बदलली किंवा गोळीची कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायचं. आठवड्यातच पाहून उपयोग नाही. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं, त्यामुळे नवी मात्रा स्थिरावायला दीड महिना लागतो. याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बायका माझ्याकडे आहेत. त्या दिवसाच्या चुकलेल्या गोळीने त्यांना काही झालेलं नाही. पण बरं वाटतंय म्हणून श्रावणभर बाटली कपाटात ठेवणाऱ्याही आहेत, आणि त्यांचे दसऱ्याला पुन्हा पाय सुजतात.

आमचं शहर तर या गोळीच्या वाकड्यातच वसलं आहे. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली. रात्री साडेअकराला भुट्ट्याचा कीस नि गराडू खाऊन घरी येणाऱ्या माणसाला झोपतानाची गोळी सांगून काय उपयोग? त्याने सकाळचीच घ्यावी आणि पोह्यांच्या गाडीवर अर्धा-पाऊण तास उशिरा जावं, पोहे काही संपत नाहीत. ज्या आजी-आजोबांना पहाटे तीन-चारला एकदा उठावंच लागतं, त्यांनी तीच वेळ गोळीची करावी. शेजारच्या जैन काकूंचं आणखी वेगळं. त्या नवकारसी पाळतात, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं तोंडात पाणीसुद्धा नाही, आणि सूर्यास्तानंतर चौविहार, म्हणजे काहीच खायचं-प्यायचं नाही, त्यामुळे रात्रीची गोळी बाद. त्यांच्या डॉक्टरांनी तोडगा काढला: नवकारसी सोडताना पहिलं पाणी गोळीबरोबर, मग माळ जपायची आणि मग दूध. माळ अर्ध्या तासाची असते. हे कुठल्याही छापील सूचनेत बसत नाही, पण त्यांचं टीएसएच वर्षानुवर्षं ठिकाणावर आहे. शेवटी मुद्दा रोज सारखं घेण्याचा आहे. आज रिकाम्या पोटी, उद्या चहाबरोबर, परवा नाश्त्यानंतर असं केलं की डॉक्टरने मात्रा ठरवायची कशावर?

याच काकूंनी मला एकदा हळूच विचारलं होतं, की गोळी कशापासून करतात, प्राण्यापासून तर नाही ना? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला या आजारातून बाहेर काढलं, ती त्यानंतर २८ वर्षं जगली. पुढे बरीच वर्षं प्राण्यांच्या वाळवलेल्या ग्रंथींच्याच गोळ्या मिळत. १९२७ साली थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता आलं. आज आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनमधलं, म्हणजे याच गोळीतलं, औषध कृत्रिमच असतं. हे ऐकून काकूंचा जीव भांड्यात पडला.

आता माझ्या धंद्याच्या गोष्टी. मेसच्या फळ्यावर भाजी लिहिली की एखादी मुलगी हमखास येते, "काकू, मला फुलगोभी नको, थायरॉईड आहे." कोबी, फ्लॉवर, मुळा यांची एवढी भीती कोणी घातली कोण जाणे. कच्च्या कोबीचा रस रोज पेलाभर पिणाऱ्याची गोष्ट निराळी. शिजवलेली भाजी वाटीभर खाल्ली आणि घरात आयोडीनयुक्त मीठ असलं तर तिने काही बिघडत नाही. आणि गोळी ज्यांना चालूच आहे, त्यांच्या बाबतीत तर संप्रेरक बाहेरून येतंय, ग्रंथीला कोबीने अडवलं तरी अडून अडून किती अडेल? सोयाबीनचं मात्र थोडं तथ्य आहे, आणि माळव्यात ते सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे शेतात सोयाबीन, पिठात सोयाबीन, मेसच्या रश्शात सोयाबीनच्या वड्या. सोया गोळीच्या शोषणात आडवं येतं. त्यासाठी वड्या सोडायला नकोत, गोळीपासून लांब, दुपारच्या जेवणात खाव्यात. सकाळी गव्हात सोयाबीन मिसळून केलेली पोळी चहाबरोबर खायची आणि तेव्हाच गोळी घ्यायची, एवढं टाळलं की झालं. मिठाबद्दल एकच सांगते: उपवासाचं सैंधव उपवासापुरतं ठीक. हल्ली पोरी ते ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने वापरतात, त्यात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं.

बाटली कुठे ठेवता, हेही मी सगळ्यांना विचारते. दहापैकी सहा जणी सांगतात, गॅसच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांशेजारी, म्हणजे डोळ्यांसमोर राहते. तिथे दिवसभर वाफ आणि धग. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३वर जातो, गॅसवरच्या फळीचं काय विचारता! या औषधाला उष्णता, ओल आणि उजेड तिन्ही सोसत नाहीत. बाटलीच्या झाकणात नाहीतर आत छोटी पुडी असते, ती ओल शोषायला असते, कचरा म्हणून फेकायची नसते. महिन्याभराच्या गोळ्या काढून हळदी-कुंकवाच्या करंड्यात घातलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि केसांच्या गोळ्या. थायरॉईडने केस जातात, म्हणून मुली बायोटिन नावाचं जीवनसत्त्व घेतात, हल्ली मोबाईलवर पाहून स्वतःच मागवतात. भरपूर बायोटिन पोटात असताना रक्त दिलं तर काही यंत्रांवर टीएसएच खोटंच कमी आणि थायरॉक्सिन खोटंच जास्त दिसतं. मग चांगली चाललेली मात्रा उतरवली जाते. रक्त द्यायच्या दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवायचं आणि लॅबवाल्याला सांगायचं, एवढ्यावर भागतं. रक्त देण्याच्या सकाळी थायरॉईडची गोळीही रक्त दिल्यानंतर घ्यावी.

पोटात बाळ असलेल्यांबद्दल मी फार बोलणार नाही, ते काम डॉक्टरांचं. पण माझ्याकडे डबा घेणाऱ्या एका नव्या सूनबाईंनी दिवस गेल्याचं कळताच ‘औषध बाळाला बाधेल’ म्हणून गोळी बंद केली होती. नेमकं उलटं असतं. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते, आणि आईची गरज तेव्हा पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं, गोळी थांबवायची नाही. आणि गरोदरपणातली लोहाची-कॅल्शियमची गोळी चार तास लांब. ही चार तासांची गोष्ट प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहावी असं मला वाटतं. भिंती रंगवायची हौस आपल्या शहराला काही कमी नाही.

सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. टीएसएच थोडंसंच वर आणि थायरॉक्सिन ठीक असेल, विशेषतः वय झालेलं असेल, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. आमच्या आत्याबाईंना सत्तरीत साडेपाच निघालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. आत्याबाई रुसल्या, सगळ्यांना गोळी आणि मलाच का नाही म्हणून. वजन उतरवायला दुसऱ्याची गोळी मागून घेणाऱ्या मुलीही मला भेटल्या आहेत. त्यांना मी ताईंच्या थरथरत्या हातांची गोष्ट सांगते आणि पोळीवर तूप वाढते.

एक तक्रार आपल्याकडेही आहे. तो लेख ज्या पानावर होता, त्याच पानाच्या तळाशी जाहिरात होती की अमुक काढ्याने थायरॉईड मुळासकट जाईल आणि गोळी कायमची सुटेल. काढ्यावाल्याने पोट भरावं, माझं काही म्हणणं नाही. पण शरीराच्या संरक्षक पेशींनीच ग्रंथी खाऊन टाकली असेल, आणि पुष्कळ जणांत हेच कारण असतं, १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन पहिल्यांदा लिहून ठेवलं, तर मेलेल्या पेशी काढ्याने परत कशा यायच्या? आमच्याकडे एकीने हा काढा धरून गोळी सोडली. थंडीत तिला जिना चढवेना. ‘जन्मभर गोळी’ या शब्दांची बायकांना लाज वाटते, सासरी कळलं तर काय, म्हणून त्या लपवून घेतात, आणि लपवून घेतलेली गोळी कधीच वेळेवर घेतली जात नाही. दिवसाला दोन-तीन रुपयांचं औषध आहे, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, दरावर नियंत्रण आहे. लपवण्यासारखं त्यात काय आहे, मला कळत नाही.

तर विनंती अशी. पुढच्या वेळी हे सदर छापाल तेव्हा डॉक्टरांना दहा-बारा जणांचे दिनक्रम द्या: मेसवाली, पोळ्यावाली, रात्रपाळीचा चौकीदार, सिटी बसचा कंडक्टर, शाळेची बाई, पहाटे सब्जी मंडीत जाणारा, सराफ्यात ठेला लावणारा. प्रत्येकाचं पोट दिवसात कधी रिकामं असतं ते विचारा आणि त्याच्यापुढे गोळीची वेळ लिहा. पान कापून लोक फ्रिजवर लावतील. औषधाच्या दुकानदारांनाही सांगा, बाटली देताना झाकणावर पेनाने नुसतं ‘सकाळी’ न लिहिता गिऱ्हाइकाला विचारून वाजले किती ते लिहा, आणि खाली ‘लोह-कॅल्शियम चार तास लांब’ एवढं मराठी-हिंदीत खरडा. बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं माझ्या ताईंना वाचता येत नाहीत, मला चष्म्याशिवाय येत नाहीत.

माझं नाव कृपया छापू नये. छापलंत तर उद्यापासून लोक डब्यासाठी कमी आणि गोळीसाठी जास्त फोन करतील, आणि फोन नेमका डाळीच्या फोडणीच्या वेळी येतो. डॉक्टरांना विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारावं, हेही जमलं तर ठळक छापा.

कळावे,
आपली,
एक मेसवाली काकू
भंवरकुवा, इंदूर